चाळिशीनंतरचं दृढीकरण: अर्ज, दाखला आणि लेंटची वही

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आपल्या वतीनं दिलेली वचनं मोठेपणी स्वतः देण्याचा चर्चमधला विधी. आमच्याकडे तो झाल्यावरच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेता येतो. त्याचा अर्ज एका पानाचा असतो. नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, आईवडिलांची नावं, पत्ता, आणि तळाशी पालकाची सही. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तो बहुतेक चौदा-पंधरा वर्षांची मुलं भरतात. मी भरला तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि शेजारी माझी मुलगी स्वतःचा अर्ज भरत होती. तिच्या कागदावर पालक म्हणून मी सही केली. माझ्या कागदावर कोण करणार, असं पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारलं तर पोरीनं लगेच हात वर केला. शेवटी ती जागा रिकामीच ठेवायची ठरलं.

चाळिशीत दृढीकरण घेणारी मी एकटी नाही, हे नंतर कळत गेलं. कुणाचं गाव सोडताना राहून जातं, कुणाचं लग्नाच्या धांदलीत, कुणी मधली दहा-पंधरा वर्षं मंडळीकडे फिरकलेलंच नसतं. वय झाल्यावर विचारायचा संकोच वाटतो, म्हणून जे झालं ते तपशिलासकट लिहिते आहे. नियम प्रत्येक धर्मप्रांतात आणि मंडळीत थोडे वेगळे असतात, तेव्हा आपल्या पाळकांना विचारून घ्यावं.

माझं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं. नगरकडच्या आमच्या मंडळ्या मुळात अमेरिकन मराठी मिशनच्या. त्या परंपरेत बिशप, म्हणजे पाळकांवरचे वरिष्ठ धर्मगुरू, हा प्रकारच नव्हता. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली आणि मग बिशपांचं येणं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणं, हे आमच्याकडे हळूहळू रुळलं. माझ्या दहावीच्या वर्षी बिशपसाहेब आमच्या भागात आले तेव्हा मी नगरच्या वसतिगृहात पूर्वपरीक्षेचा अभ्यास करत होते. मग कॉलेज, नोकरी, लग्न, पुणे. राहिलं ते राहिलंच. प्रभुभोजनाच्या वेळी बाकावरची माणसं उठून पुढे निघाली की मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायची. इतकी सवय झाली होती की त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मुलीच्या दृढीकरणाच्या वर्गाची सूचना वाचली गेली, तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, पुढच्या वर्षी मी तुझ्या पायावरून पुढे जाणार का?" तिला टोचायचं नव्हतं, जागेचा प्रश्न होता. पण मला टोचलं.

२०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाळकसाहेबांना भेटले. त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं: बाप्तिस्म्याचा मूळ दाखला, गावच्या मंडळीचं शिफारसपत्र (माझं सभासदत्व कागदोपत्री अजून तिथेच होतं), दोन फोटो, चालू वर्षाच्या वर्गणीची पावती. मुलीला शिफारसपत्राची गरज नव्हती, तिचा बाप्तिस्मा इथलाच. दाखल्याचा मोबाईलवर काढलेला फोटो चालेल का, असं मी विचारून पाहिलं. चालणार नव्हता. सही-शिक्क्याचा कागदच हवा, आणि तो पुनरुत्थान दिनाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आत.

वर्ग १२ जानेवारीला सुरू झाला. दर रविवारी उपासनेनंतर पाऊण तास, संडे स्कूलच्या खोलीत. बाक लहान मुलांच्या मापाचे, त्यामुळे माझे गुडघे हनुवटीला. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन संस्कार, असा अभ्यास. पुस्तिकेच्या झेरॉक्सचे साठ रुपये. पाठांतराचा मी धसका घेतला होता, पण प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार आजीच्या चालीत आपोआप तोंडातून बाहेर आले. आज्ञांचा क्रम मात्र सातवी-आठवीपाशी गडबडायचा. मोठ्या वयात पाठ करणाऱ्यांना एकच सांगेन: शास्त्राची (बायबलची) जी आवृत्ती मंडळीत वाचली जाते तीच पाठ करा. समजून घ्यायला सोप्या भाषेतली आवृत्ती शेजारी ठेवा, पण दोन्हीतली वाक्यं डोक्यात एकमेकांत मिसळू देऊ नका.

खरी धास्ती पुढे होती. ५ मार्चला, राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ असलेल्या लेंटच्या पहिल्या दिवशी, पाळकसाहेबांनी प्रत्येकाच्या हातात एक वेळापत्रक दिलं. लेंटच्या रोजच्या दिवसाला एक छोटा उतारा, आणि तीन भाग: नवीकरण, प्रेम, मागे चालणं. रोज उतारा मोठ्यानं वाचायचा, थोडं थांबायचं आणि वहीत तीन ओळी लिहायच्या. काय दिसलं, काय अडलं, आज काय करणार. तिसरी ओळ संध्याकाळच्या आत करता येईल अशीच हवी. "मी अधिक प्रेमळ होईन" असं लिहिलेलं त्यांनी चालवून घेतलं नाही. एका मुलानं तसं लिहिलं तर त्याला विचारलं, "कुणाशी? किती वाजता?"

रोजचं मनन म्हणजे काय, याची माझी कल्पना व्हॉट्सॲपवर आलेली होती. गुलाबाचं चित्र, खाली एक वचन, वर सुप्रभात. सकाळी उठून पाच-सहा जणांची असली मननं वाचायची आणि पुढे पाठवायची. त्यांच्याविषयी आकस नाही, पण ती आपल्याकडून काही मागत नाहीत. वहीतली तिसरी ओळ मागते.

वेळेचंही सांगते, कारण तिथेच पुष्कळांचं घोडं अडतं. पहाटे उठून मनन करणाऱ्यांची चरित्रं आपण ऐकलेली असतात. आमच्याकडे नळाला पाणी सहा ते सात, मग डबे, मग बस. मी रात्री भांडी झाल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर बसायची. पंधरा मिनिटं पुरतात. मग तिसरी ओळ दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंतची, असं पाळकसाहेबांशी ठरवून घेतलं. ते म्हणाले, "देवाला घड्याळ चालतं, पण तुझी ओळ पुढच्या आठवड्यावर जाऊ देऊ नकोस."

पहिला भाग सोपा गेला. यहेज्केलच्या छत्तिसाव्या अध्यायातलं दगडाचं हृदय काढून मांसाचं देण्याचं वचन, एक्कावन्नावं स्तोत्र, रोमकरांस पत्रातल्या बाराव्या अध्यायातलं मनाचं नवं होणं, विलापगीतात देवाची दया रोज सकाळी नवी होते असं म्हणणारा भाग. विलापगीताचा तो भाग मी आनंदाचा समजत होते. वर्गात पूर्ण अध्याय वाचला तेव्हा कळलं, यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यावर शोक करणारा माणूस हे बोलतो आहे. वर-खाली सगळा आक्रोश, आणि मध्येच हे. सकाळी नवी होणारी दया त्याला राखेत बसून आठवते. तेव्हापासून एखादं वचन आवडलं की त्याच्या आजूबाजूचं वाचल्याशिवाय वहीत लिहायचं नाही, हा नियम करून टाकला.

दुसरा भाग प्रेमाचा, आणि त्यात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली दोन वचनं. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर.

आता भावाबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यावर जमिनीचा विषय निघाला. गावची रीत अशी की बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडी-चोळी घेऊन जायचं. आम्हा ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी समान. मी सही केली नाही. दादानं बोलणं सोडलं. मग मीही. वर्षानुवर्षं एकमेकांच्या मुलांचे वाढदिवस वहिनीमार्फत. आणि गावच्या मंडळीचा खजिनदार तोच. दाखला ज्यातून काढायचा त्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरांची ट्रंक मंडळीच्या कपाटात, ट्रंकेची किल्ली त्याच्या घरी. गावच्या पाळकांना फोन केला तेव्हा तेही हेच म्हणाले, "किल्ली तुमच्या दादांकडे आहे की, घरचंच काम!"

त्या रात्री वहीची तिसरी ओळ लिहायला बराच वेळ लागला. शेवटी लिहिलं: "वहिनीला फोन. दादा रविवारी घरी आहे का विचारणे."

पण त्याआधी एक शंका होती आणि ती मी वर्गात न विचारता पाळकसाहेबांना एकटीनं विचारली. समेट करायचा म्हणजे सही करायची का? प्रेम म्हणजे आपलं सोडणं, असं आम्ही व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकलेलं आहे, आणि ते बहुधा बायकांना उद्देशून असतं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वचनात 'जा' असं आहे. 'दे' असं नाही. तू जा. सहीचं तुझं तू आणि वकील बघा." एवढ्या सरळ उत्तराची मला अपेक्षा नव्हती. ज्यांच्यावर अशाच नात्यांचं ओझं आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिलं. मनन करताना एखादं वचन आपल्याला चिरडतंय असं वाटलं तर एकटीनं गिळू नका, समजूतदार माणसाला विचारा.

२३ मार्चला गेले. महिन्याचा चौथा रविवार, कारण पाळकांच्या हाताखाली बऱ्याच मंडळ्या आणि आमच्या गावी त्यांची पाळी दुसऱ्या-चौथ्या रविवारी, तीही दुपारी बाराला. शिक्का त्यांच्या पिशवीत असतो, त्यामुळे एरवी जाऊन उपयोग नव्हता. जायच्या आधी हे विचारून घ्या, नाहीतर फुकट खेप. वाकडेवाडीहून पहाटेची एसटी धरली. बायकांना तिकीट निम्मं असल्यामुळे प्रवासखर्च परवडला. नगर, घोडेगाव, वडाळा करत नेवासे फाट्यावर उतरले. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीता सांगितली तो इथून जवळच. लहानपणी शाळेच्या सहलीला नेहमी तिथेच नेत. पुढे वडापची जीप.

दादा ओट्यावर बसला होता. "ये," म्हणाला, आणि आत बघून, "चहा ठेव गं." बाकी काही नाही. उपासना झाल्यावर ट्रंक उघडली. रजिस्टर लांबट, कापडी पुठ्ठ्याचं, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. रकाने शाईनं आखलेले: अनुक्रमांक, नाव, आईबापांची नावं, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, पाळक, साक्षीदार, शेरा. दादानं चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचत गेला. माझं नाव सापडलं. वडिलांच्या नावाच्या जागी लोक त्यांना हाक मारायचे ते घरगुती नाव लिहिलेलं. मग त्यानं काही न बोलता मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हा मी." साक्षीदारांच्या रकान्यात दोघांच्याही ओळीत आजीचा अंगठा होता, शाई पसरलेला.

निघताना फाटकापाशी त्यानं विचारलं, "त्या कागदाचं काय?"

"सही नाही करणार, दादा. पण येत जाईन."

"बघू," म्हणाला. तो विषय आजही तिथेच आहे. वकिलाची भेट बाकी आहे. पण जून महिन्यात त्यानं स्वतः फोन करून पाऊस कसा आहे ते सांगितलं.

नावाच्या फरकाचा घोळ असा सुटला: गावच्या पाळकांनी दाखल्यावर रजिस्टरातलंच नाव लिहिलं, कारण त्यांना ते बदलता येत नाही, आणि शिफारसपत्रात "सदर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं वाक्य घातलं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली. आमच्या मंडळीला एवढं पुरलं. दाखल्यासाठी ठरीव फी नव्हती, दोनशे रुपये देणगी दिली, पावती मिळाली. रजिस्टर सापडलंच नाही तर दोन जुन्या सभासदांचं लेखी साक्षपत्र चालेल, असं पुण्याच्या पाळकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ज्यांची रजिस्टरं पुरात किंवा वाळवीत गेली आहेत त्यांनी हे विचारून पाहावं.

तिसरा भाग मागे चालण्याचा. लूकच्या नवव्या अध्यायात येशू म्हणतो, ज्याला माझ्यामागे यायचं आहे त्यानं दररोज आपला वधस्तंभ (क्रूस) उचलावा. मार्कात आणि मत्तयात हेच वाक्य आहे, पण "दररोज" फक्त लूकमध्ये. वर्गात यावर गोंधळ झाला. एक मुलगी म्हणाली, "माझी आजी म्हणते, गुडघेदुखी हा तिचा क्रूस." दुसरा म्हणाला, गणित हा त्याचा. हसणं झाल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं की जे अंगावर येऊन पडतं ते दुःख, आजार, अन्याय. त्याला क्रूस म्हणून गोंजारायचं नाही, जमेल तेवढं दूर करायचं. क्रूस म्हणजे जो आपण उचलतो, येशूच्या मागे चालताना, आणि नको असेल तर खाली ठेवता येतो. घरात मार खाणाऱ्या बाईला "हा तुझा क्रूस" असं सांगणारी माणसं मी पाहिलेली आहेत. ती माणसं त्या दिवशी वर्गात असायला हवी होती.

मला थांबवून ठेवलं ते लूकच्या बाविसाव्या अध्यायातल्या एका छोट्या वाक्यानं. येशूला पकडून नेलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र दुरून त्याच्यामागे चालला. पळून गेला नाही, सोडूनही दिलं नाही, पण अंतर ठेवून. नाताळ आणि पुनरुत्थान दिन न चुकवणारी, वर्गणी भरणारी, आणि प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे बाजूला घेणारी मी या वाक्यात नेमकी बसत होते. पुढे योहानात दोनदा कोळशांचा विस्तव येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, जिथे त्या रात्री येशूला तीनदा नाकारणारा पेत्र शेकत उभा राहून आपण त्याचा शिष्य नव्हे म्हणतो. आणि दुसऱ्यांदा सरोवराच्या काठी, जिथे पुन्हा उठलेला येशू मासे भाजून ठेवतो, न्याहारी करू घालतो आणि त्याच पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? प्रत्येक होकारानंतर काम सांगतो: माझी मेंढरं चार. जुना हिशेब काढत नाही. तीन नकारांचा उल्लेखसुद्धा नाही. त्या रात्रीची तिसरी ओळ "मुलीच्या वर्गातल्या आई नसलेल्या मुलीला रविवारी जेवायला बोलावणे" अशी होती. ती आली, आणि येतच राहिली.

काही दिवस वही कोरी गेली. कोरा दिवस सोडून पुढच्या तारखेला जायचं, मागचं भरायला बसायचं नाही, अशी सूचना होती आणि ती फार उपयोगाची ठरली. नाहीतर लेंट म्हणजे थकबाकी होऊन बसते.

१८ एप्रिलला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात शब्दांवर, म्हणजे येशूच्या सात उद्गारांवर, सात जणांचे संदेश. पंखे होते, पण एप्रिलचं पुणं. पाण्याची बाटली न्या, उपास असला तरी.

मे महिन्यात पाळकसाहेबांनी प्रत्येकाची तोंडी घेतली. मुलांना आज्ञा विचारल्या. मला विचारलं, "आत्ताच का?" मी म्हटलं, मुलीमुळे. मला वाटलं, यापेक्षा आध्यात्मिक काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी "ठीक" म्हणून नावापुढे खूण केली.

बिशपसाहेबांची तारीख आधी २२ जून ठरली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच दिवशी पालख्या पुण्यातून निघतात आणि निम्मे रस्ते बंद. तारीख पुढे ढकलून १३ जुलै. जमवलेली मंडळी, सांगितलेला स्वयंपाक, सगळं पुन्हा. आपल्याकडे पुण्यात वारीच्या आठवड्यात काही ठरवू नये हे दर वर्षी नव्यानं कळतं.

प्रत्यक्ष विधी छोटा आहे. आमची ओळ पुढे उभी राहते, बिशप प्रश्न विचारतात, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीनं आईवडिलांनी दिलेली वचनं आपण स्वतः देतो. मग एकेक जण गुडघे टेकतो, ते डोक्यावर हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात. माझ्या आधी मुलगी होती. हात जड लागतो, एवढं सांगते, कारण तेवढं मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर प्रभुभोजन. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी हात कसे धरायचे ते आदल्या दिवशी तालमीत विचारून घ्यावं, रांगेत विचारायला सुचत नाही.

एकूण खर्च: झेरॉक्स साठ, वही पंचेचाळीस, देणगी दोनशे, एसटी आणि वडाप, त्या दिवशीच्या जेवणासाठी प्रत्येक कुटुंबाकडून तीनशे. पांढऱ्या साडीचा आग्रह नव्हता, घरात होती ती नेसले. फोटोग्राफरनं पाकिटाचे जास्त पैसे मागितले, आम्ही मोबाईलवर भागवलं. प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी मिळालं. हातात घेताच नाव, वडिलांचं नाव आणि तारीख तिथल्या तिथे वाचून घ्या. माझ्या मुलीच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तो त्याच वेळी बदलून मिळाला.

ज्यांचं अजून राहिलं आहे त्यांच्यासाठी: या तारखा दर वर्षी बदलतात. २०२६ चा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीचा आणि पुनरुत्थान दिन ५ एप्रिलचा, म्हणजे २०२५ पेक्षा सगळं बरंच लवकर. गावाकडचा दाखला आणायचा असेल तर नाताळच्या सुट्टीतच आणा. पाळक त्या दिवसांत सगळीकडे फिरत असतात, त्यामुळे शिक्का गावात केव्हा असेल ते आधी फोन करून विचारा, आणि किल्ली कुणाकडे आहे तेही.